‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा? आणि त्यात ‘गम्’ कुठे बसतो?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. मुलगी सहावीत, सेमी-इंग्रजीत. व्ही वन-व्ही टू-व्ही थ्रीचा तक्ता पाठ करताना ‘गो, वेंट, गॉन’पाशी अडली. ‘वेंट’मध्ये ‘गो’चं एकही अक्षर नाही, मग तो त्याचा भूतकाळ कसा, असं तिनं विचारलं. शाळेत ‘अपवाद आहे, पाठ कर’ एवढंच उत्तर मिळालं. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकानं ठासून सांगितलं की ‘गो’ हा संस्कृत ‘गम्’पासूनच निघाला आहे. तुम्ही शब्दकोश उघडलात, तर ‘गो’चे अर्थ संपता संपेनात. त्यातलं मुलीला काय शिकवावं, हेही तुम्ही विचारलं आहे.

प्रश्न तीन दिसत असले तरी मुळात तुम्हाला एकच हवं आहे: यात पाठांतरापलीकडे काही संगती आहे का, आणि असली तर ती एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीला पटेल अशी सांगता येते का. येते. मी मराठी माध्यमातून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो आणि भाषांतरं करतो. ‘गो’ हे क्रियापद मला रोज भेटतं आणि रोज कुणाला तरी अडवतं. ‘गम्’चा दावा चुकीचा आहे. ‘वेंट’चा खुलासा मात्र तुमच्या मुलीच्या स्वतःच्या बोलण्यातच आहे, तो तिला फक्त दाखवायचा आहे.

आधी ‘गम्’चं बघू. ‘गो’, ‘गम्’, ‘गती’, ‘गेला’. सगळे ‘ग’चे आणि सगळे जाण्याचे. नातं मानावंसं वाटणारच. शिवाय संस्कृत आणि इंग्रजी एकाच प्राचीन भाषाकुळातल्या आहेत, हेही खरं. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असं मांडलं आणि या अभ्यासाला जोर आला. पण एका कुळातल्या भाषा दुरावतात तेव्हा त्यांचे आवाज वाटेल तसे बदलत नाहीत, ठरावीक रीतीनं बदलतात. डेन्मार्कचे भाषाभ्यासक रास्क आणि जर्मनीचे याकोब ग्रिम (परीकथा गोळा करणाऱ्या भावांपैकी थोरले, तेच) यांनी १८१८ ते १८२२ या काळात या रीती लिहून काढल्या. त्यातली आपल्याला हवी ती रीत अशी: संस्कृतात जिथे ‘ग’ असतो, किंवा त्या ‘ग’चाच पुढे झालेला ‘ज’, तिथे इंग्रजीत ‘क’ सापडतो.

पडताळून बघा. संस्कृत ‘गो’ म्हणजे गाय, इंग्रजीत ‘काउ’. संस्कृत ‘जानु’ म्हणजे गुडघा, इंग्रजीत ‘नी’, आणि त्याच्या स्पेलिंगमधला मुका ‘के’ आठवा. जुन्या इंग्रजीत तो उच्चारला जायचा. ‘ज्ञा’ आणि ‘नो’ यांचंही तेच, तिथेही मुका ‘के’ आहे. ‘जन’ आणि ‘किन’. म्हणजे कानाला संस्कृत ‘गो’ आणि इंग्रजी ‘गो’ हुबेहूब सारखे लागतात, पण पहिल्याचं नातं गोठ्यातल्या ‘काउ’शी आहे. आवाजाचा सारखेपणा हा नात्याचा पुरावा नव्हे. उलट, इतक्या हजार वर्षांनंतर दोन शब्द अगदी सारखे ऐकू आले तर मला आधी संशय येतो.

आता ‘गम्’चा इंग्रजी भाऊबंद शोधू. नियमानं तो ‘क’चा असायला हवा, आणि तो तसा आहे: ‘कम’. अर्थ उलटा वाटेल, पण मूळ धातूत पाऊल टाकणं एवढाच भाव होता. संस्कृतातही ‘आ’ लावला की ‘गम्’चं येणं होतंच: आगमन, आगत, आगामी. लॅटिनमध्ये याच धातूचं ‘वेनिरे’, म्हणजे येणं, झालं. त्यातून इंग्रजीत ‘इव्हेंट’, ‘रेव्हेन्यू’, ‘व्हेन्यू’ आले. लग्नपत्रिकेवर छापलेलं ‘व्हेन्यू’ आणि ‘पाहुणे गेले’ यातलं ‘गेले’ एकाच धातूचे आहेत, हे मी वर्गात सांगतो तेव्हा निम्मा वर्ग मी गंमत करतोय असं समजतो.

मग ‘गो’ कुठला? इंग्रजी ‘ग’च्या समोर संस्कृतात बऱ्याचदा ‘ह’ येतो. ‘हंस’ आणि ‘गूस’, ‘हिरण्य’ आणि ‘गोल्ड’, ‘ह्यः’ म्हणजे काल आणि जर्मन ‘गेस्टर्न’. त्याच वाटेनं इंग्रजी ‘गो’ संस्कृत ‘हा’ या धातूशी जुळवला जातो. जहाति म्हणजे सोडतो, टाकून जातो. ‘हीन’ आणि ‘हानी’ हे आपल्या वापरातले शब्द त्याच धातूचे. ‘गो’च्या मुळाशी असं ‘सोडून निघणं’ आहे, आणि हे लक्षात ठेवा, कारण पुढे अर्थांचा पसारा लावताना ते कामाला येणार आहे.

याच ओघात मला नेहमी विचारतात ते ‘गँग’ आणि ‘गंगा’. ‘गँग’ हा जुना इंग्रजी शब्द मुळात ‘चाल, वाटचाल’ अशा अर्थाचा. मग एकत्र निघालेल्या माणसांचा जथा, आणि तिथून टोळी. त्याचं नातं आपल्या ‘जंघा’शी आहे. ‘गंगा’ ही परंपरेनं ‘गम्’पासून सांगतात. म्हणजे गँग आणि गंगा यांचा संबंध नाही, जांघेचा आणि गँगचा आहे. असो.

आता मुलीचा मूळ प्रश्न. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘जाणे’ला ‘गान’ असं क्रियापद होतं, त्यातला ‘आ’ पुढे ‘ओ’ होऊन ‘गो’ झाला. गंमत अशी की तेव्हाही त्याला स्वतःचा भूतकाळ नव्हता. भूतकाळात ‘एओदे’ असं भलतंच रूप यायचं, आणि ते वेगळ्याच धातूचं होतं. म्हणजे ‘वेंट’ यायच्या आधीपासून इथे उसनवारी चालू होती. ‘गो’ला ‘ड’ लावून ‘गोड’ असं नियमित रूप आधी होतं आणि ते मग बिघडलं, असं घडलेलं नाही.

‘वेंट’ आला तो ‘वेंड’ या क्रियापदाकडून. ‘वेंड’चा मूळ अर्थ वळणं, वळवणं, दोरा गुंडाळण्याचं ‘वाइंड’ त्याच घरातलं. वळणं म्हणजे एखाद्या दिशेला तोंड करणं, आणि तोंड केलं की निघणं, असा ‘वेंड’ हळूहळू ‘जाणे’च्या अर्थानं वापरला जाऊ लागला. त्याचा भूतकाळ ‘वेंट’, अगदी शिस्तीत: सेंड-सेंट, लेंड-लेंट, बेंड-बेंट, स्पेंड-स्पेंट, तसा वेंड-वेंट. मुलीला हे पाच एका खाली एक लिहून दाखवा. तिला ज्या ‘वेंट’मध्ये काहीच नियम दिसत नव्हता, तो या रांगेत शहाण्यासारखा बसतो. त्याचं सगळं नियमानंच झालेलं आहे, फक्त तो दुसऱ्या घरी दत्तक गेला.

चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर कवीनं कँटरबरीच्या यात्रेकरूंचं वर्णन केलं, त्याच्या सुरुवातीच्या काही ओळींतच ‘गो’ आणि ‘वेंड’ ही दोन्ही क्रियापदं जाण्याच्याच अर्थानं येतात. म्हणजे तेव्हा दोन्ही बरोबरीनं नांदत होती. इकडे ‘एओदे’ची रूपं झिजून ‘येडे’, ‘योडे’ अशी झाली होती. ती ‘गो’शी तर जुळत नव्हतीच, पण कुठल्या ओळखीच्या नमुन्यातही बसत नव्हती. ‘वेंट’ बसत होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दक्षिणेकडच्या इंग्रजीत ‘वेंट’ हाच ‘गो’चा भूतकाळ म्हणून पक्का झाला. मूळ ‘वेंड’ला मग स्वतःसाठी ‘वेंडेड’ असं नवं रूप करून घ्यावं लागलं. आज तो बिचारा ‘वेंड वन्ज वे’ एवढ्या एका ठरीव प्रयोगात उरला आहे. उत्तरेकडे, स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गे’ या आपल्याच क्रियापदावरून ‘गेड’ असा भूतकाळ केला गेला. तेव्हा तुमच्या मुलीनं कधी चुकून ‘गोड’ म्हटलं तर तिला सांगा की स्कॉटलंडमध्ये लोकांनी जवळजवळ हेच केलं. इंग्रज घरांतली लहान मुलंही तेच म्हणतात, आणि आपल्याकडची ‘मी करलं’ म्हणतात ते त्याच समजुतीनं.

आता तिच्या मराठीकडे या. तिला विचारा, ‘जाणे’चा भूतकाळ काय? ‘गेला’. ‘जा’मधलं काय उरलं ‘गेला’मध्ये? काहीही नाही. ‘बसणे-बसला’, ‘उठणे-उठला’, ‘पळणे-पळाला’, आणि मग ‘जाणे-गेला’. ‘जाला’ का नाही, असं तिनं कधीच विचारलं नसेल, कारण ‘गेला’ तिला आईच्या बोलण्यातून मिळाला, तक्त्यातून नाही. माझ्या वर्गात या क्षणी एक छोटी शांतता होते आणि मग कुणीतरी ‘येणे-आला’ म्हणतं. बरोबर. तिथेही तेच आहे.

मराठीतलं घडलं ते असं. ‘जाणे’ हे संस्कृत ‘याति’पासून. प्राकृतात सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, जसं यात्रेची जत्रा, योग्याचा जोगी, युगाचं जुग. ‘गेला’ मात्र ‘गत’पासून, म्हणजे आपल्या ‘गम्’पासून; ‘गत’चा ‘त’ झिजला आणि पुढे प्राकृतातला ‘इल्ल’ हा प्रत्यय लागून ‘गेला’ झाला. ‘केला’ आणि ‘मेला’ असेच ‘कृत’ आणि ‘मृत’पासून बनले, पण तिथे ‘करणे’ आणि ‘मरणे’ त्याच धातूंची असल्यामुळे दोन घरांचा सांधा दिसत नाही. ‘आला’ हा ‘आगत’चा, आणि ‘येणे’ संस्कृत ‘इ’ धातूच्या रूपांमधून आलेलं. हा ‘इ’ म्हणजे उदय, उपाय, उत्तरायण यांतला.

आणि आता नाती कशी तिरकी लागतात ते बघा. जुन्या इंग्रजीतला तो हरवलेला भूतकाळ ‘एओदे’ बहुतेक अभ्यासक याच ‘इ’ आणि ‘या’ धातूंच्या घराण्यात टाकतात. म्हणजे आपल्या ‘जाणे’चं इंग्रजी भावंड ‘गो’च्या भूतकाळात होतं आणि ते पाचेकशे वर्षांपूर्वी गेलं. आपल्या ‘गेला’चं भावंड ‘कम’मध्ये आहे. आणि खुद्द ‘गो’चं भावंड मराठीत ‘हीन’ आणि ‘हानी’त बसलं आहे. ग्रुपवरच्या काकांचं ‘दोन्ही भाषांचं नातं आहे’ हे म्हणणं खरं होतं, फक्त त्यांनी जोड्या चुकीच्या लावल्या.

असं का होतं, हेही ती विचारेल. वापर हे त्याचं मुख्य कारण. जी क्रियापदं दिवसातून शेकडो वेळा तोंडी येतात त्यांची रूपं माणूस नियमानं बनवत बसत नाही, सबंधच आठवतो. म्हणून ती कितीही वाकडी असली तरी टिकतात. कमी वापरातली विसरली जातात आणि नियमात येतात. इंग्रजीत ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, तो ‘हेल्प्ड’ झाला. दुसरं असं की जाण्या-येण्याच्या तऱ्हा पुष्कळ असल्यामुळे त्यांची क्रियापदंही पुष्कळ असतात, आणि त्यांत एकमेकांची रूपं घुसतात. फ्रेंचमध्ये ‘जाणे’ची रूपं लॅटिनच्या तीन वेगवेगळ्या मुळांवरून येतात. स्पॅनिशमध्ये ‘मी गेलो’ आणि ‘मी होतो’ यांना ‘फुई’ हा एकच शब्द आहे. गोव्यात कोकणीत ‘वचप’, वर्तमानात ‘वतां’, पण भूतकाळ ‘गेलों’. हिंदीत ‘जाना-गया’. तेव्हा ‘इंग्रजी ही विचित्र भाषा आहे’ हे जे शाळेत सर्रास बोललं जातं ते निदान इथे तरी लागू नाही.

इथवरचं थोडक्यात: ‘गो’ आणि ‘गॉन’ एका घरचे, ‘वेंट’ हा ‘वेंड’चा, त्याच्या घरी पूर्ण नियमित, ‘गम्’चा भाऊ ‘कम’, आणि मराठीत ‘जाणे-गेला’, ‘येणे-आला’ हा हुबेहूब तोच प्रकार. सहावीतल्या मुलीला यातलं किती सांगायचं हे तिच्यावर आहे. शब्दांची आवड असेल तर सेंड-सेंटची रांग आणि ‘काउ’ची गोष्ट तिला नक्की भावेल. नसेल तर ‘जाणे-गेला’ एवढं एकच दाखवा, पुरे आहे. ग्रिमचे नियम तिला आत्ता कशाला?

आता अर्थांचा पसारा. शब्दकोशात किती अर्थ दिलेत यावरून घाबरू नका. तो आकडा कोशकार किती बारीक कातरतो यावर असतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी २०११ साली ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजल्याचं सांगितलं होतं. इंग्रज माणूस ते पाठ करून पळत नाही. ‘गो’च्या बाबतीत मी एकच धागा धरतो, तो वर सांगितलेला: इथून निघणं, सोडून जाणं. ‘कम’ इकडे येतो, ‘गो’ इथून दूर जातो, आणि बहुतेक अर्थ या ‘दूर’मधून फुटतात.

इथून दूर गेलं ते हाती राहिलं नाही. म्हणून संपणं, हरवणं, मरणं. इथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात: पैसे गेले, वीज गेली, तोल गेला, आवाज गेला, आजोबा गेले, जाऊ दे. यातल्या बहुतेक वाक्यांना ‘गॉन’ किंवा ‘गो’ सरळ चालतो. काळाचंही तसंच. ‘अगो’ हा शब्द मुळात ‘गॉन’चाच एक जुना अवतार आहे, ‘थ्री यर्स अगो’ म्हणजे तीन वर्षं गेली. आपण ‘गेल्या वर्षी’, ‘गेल्या आठवड्यात’ म्हणतो तेव्हा तेच करतो. ‘पेपर कसा गेला?’ हा तर परीक्षेहून आलेल्या प्रत्येक मुलाला विचारला जाणारा प्रश्न, आणि इंग्रजीतही तो ‘गो’नंच विचारतात.

मग येतं बदलणं. ‘गो बॅड’, ‘गो मॅड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो बॉल्ड’: चांगल्या, नेहमीच्या अवस्थेपासून दूर जाणं. उलट स्वप्न खरं होतं ते ‘कम ट्रू’, आणि बिनसलेलं ठीक होतं ते ‘कम राइट’. हा नियम पक्का नाही. ‘गो व्हायरल’, ‘गो पब्लिक’, ‘गो व्हेजिटेरियन’ यांत वाईट काही नाही, फक्त आधीची स्थिती सोडलेली आहे. पण शिकणाऱ्याला अंदाज बांधायला एवढं पुरतं. मराठीत इथे आपण ‘जाणे’ वापरत नाही, ‘होणे’ वापरतो: दूध खराब झालं, डोकं टकलं झालं. आणि येण्या-जाण्याच्या चांगल्या-वाईटाचं म्हणाल तर मराठीत ‘डोळे गेले’ हेही वाईट आणि ‘डोळे आले’ हेही वाईटच!

म्हणूनच भाषांतर करताना ‘गो’ दिसला की ‘जाणे’ लिहायचं, ही सवय मी नवशिक्यांना मोडायला लावतो. घड्याळ आपल्याकडे जात नाही, चालतं. शर्ट पँटीबरोबर जात नाही, तिच्यावर शोभतो. रस्ता नाशिकला जातो हे चालतं. बदक ‘क्वॅक’ जात नाही, करतं. उलट दिशेनंही तसंच. मराठी ‘जाणे’ची कितीतरी कामं ‘गो’ करत नाही: ‘सांगितलं जातं’, ‘विसरून गेलो’, ‘होऊन गेलं’. ‘तिला दिवस गेलेत’ याचं कुणी शब्दशः इंग्रजी केलं तर सुईणीलासुद्धा कळणार नाही.

‘गो’चा सगळ्यात मोठा पराक्रम भविष्यकाळातला. ‘आय अॅम गोइंग टू सी हिम’ याचा अर्थ आधी अक्षरशः ‘त्याला भेटायला निघालोय’ असा होता, वाटेत असलेल्या माणसाचं वाक्य. जो भेटायला निघाला आहे त्याचा भेटायचा बेत तर आहेच. हळूहळू लोक बेतच ऐकू लागले, निघणं ऐकेनासं झालं. मग ‘इट इज गोइंग टू रेन’ शक्य झालं, जिथे पाऊस कुठे चाललेला नाही आणि त्याचा बेतही नाही. हे दोन प्रयोग वेगळे झालेत याचा पुरावा बोलण्यात मिळतो: ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ फक्त भविष्यकाळात होतं. ‘आयम गॉना ईट’ चालतं, ‘आयम गॉना स्कूल’ कोणीही म्हणत नाही. मराठीनं मात्र अशा जवळच्या भविष्यासाठी येणं निवडलं: दूध उतू जायला आलंय, दिवस मावळायला आलाय. नाहीतर ‘घालणे’: होऊ घातलेली निवडणूक. ‘जाणे’ला आपण या कामाला जुंपलंच नाही, म्हणून ‘गोइंग टू’ मराठी मुलांना परकं वाटतं. मी ते क्रियापद म्हणून शिकवतच नाही. सरळ ‘-णार आहे’ची जोडी लावून देतो.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष काय शिकवायचं. माझ्या अनुभवात मराठी मुलं ‘गो’च्या तीन ठिकाणी घसरतात, आणि तिन्हींना कारण सांगितलं की सुधारणा टिकते.

पहिलं, ‘गो टू होम’. शाळेत ‘गो टू स्कूल’ शिकवलं की मुलं ‘होम’लाही ‘टू’ लावतात. जुन्या इंग्रजीत जाण्याचं ठिकाण नुसत्या द्वितीयेत यायचं, वेगळा शब्द लागत नसे. ‘गो होम’मध्ये ती जुनी रीत तशीच राहिली. मुलगी पुढे संस्कृत घेईल तेव्हा ‘गृहं गच्छति’ म्हणताना तिला हे पुन्हा भेटेल: तिथेही द्वितीयाच, वेगळा ‘कडे’ किंवा ‘ला’ नाही.

दुसरं, ‘कम’ आणि ‘गो’ची अदलाबदल. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणं अशुभ मानतो. त्याचं थेट ‘ओके, आय विल कम’ झालं की समोरचा इंग्रज वाट बघत बसतो की हा कुठून येणार आहे. उलट आईनं जेवायला हाक मारली तर आपण ‘आलो!’ म्हणतो, आणि इंग्रजीतही तिथे ‘कमिंग’च. म्हणजे ऐकणाऱ्याच्या दिशेनं निघालो तर दोन्ही भाषांत येणंच. फक्त निरोप घेताना वाटा वेगळ्या होतात.

तिसरं आणि सगळ्यात चिवट, ‘गॉन’ आणि ‘बीन’. तक्त्यात व्ही थ्री ‘गॉन’ आहे, म्हणून मुलं ‘आय हॅव गॉन टू पुणे’ लिहितात आणि त्यांना म्हणायचं असतं की मी पुण्याला जाऊन आलो आहे. पण ‘गॉन’ म्हणजे गेला आणि अजून तिकडेच. जाऊन परत आलेल्याला इंग्रजी ‘बीन’ देते, म्हणजे ‘असणे’चं रूप. खरं तर व्ही थ्रीच्या रकान्यात ‘गॉन’शेजारी ‘बीन’ही लिहायला हवं; तक्ते छापणारे ते लिहीत नाहीत. मराठीत फरक आधीच स्पष्ट आहे: ‘बाबा पुण्याला गेले आहेत’ आणि ‘बाबा पुण्याला जाऊन आले आहेत’. मुलीला घरातल्या माणसांवर अशी पाच-सहा वाक्यं आधी मराठीत करायला सांगा. ‘गेले आहेत’ आलं तिथे ‘गॉन’, ‘जाऊन आले’ आलं तिथे ‘बीन’. एक वाक्य तिला स्वतःबद्दल ‘आय हॅव गॉन’ असं करायला सांगा आणि ते कधी खरं ठरेल ते विचारा. टेबलावर चिठ्ठी ठेवून बाहेर पडलेला माणूस तसं लिहू शकतो, हे तिचं तिला सुचलं तर तिला कळलं असं समजा.